ब्रेकची तांबडी धूळ

पांढरी गाडी लांबूनच बघावी. जवळ गेलं की फसलं. मी त्या सकाळी बादली, शाम्पू आणि यांची जुनी बनियन घेऊन जवळ गेले, पाटावर बसले आणि पुढच्या चाकामागे दारावर पाहते तर तांबडे ठिपके. एकदोन असते तर सोडून दिले असते. तीळ सांडावेत तसे दारभर होते. शाम्पूनं घासले, हलले नाहीत. नखानं खरवडले, नखच तुटलं. गुडघे धरत दुसऱ्या बाजूला गेले, तिकडेही तेच. बोट फिरवलं तर रंग खरबरीत लागला, मांजरीच्या जिभेसारखा.

ही गाडी यांची. हे म्हणजे माझा नवरा. दिवाळीच्या आधी एका सकाळी चहा पिता पिता गेले, कपात चहा अर्धा होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहायला बसलं की हात थांबतो. त्याच्याही आधीपासून गाडी आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घरी पोर्चमध्ये उभी होती, आणि आता होळी झाल्यावर येणाऱ्या रविवारी ती जाणार होती. भाऊजी न्यायला येणार होते.

भाऊजी म्हणजे माझे दीर नव्हेत, पण दिरापेक्षा जवळचे. यांनी जन्मभर सरकारी लाल गाडी चालवली, त्यातली बहुतेक वर्षं वर्धा ते समुद्रपूर. भाऊजी त्या गाडीचे कंडक्टर. एक स्टिअरिंगवर, एक दारात, अशी दोघांची उमर गेली. आता भाऊजींच्या सुनेला शाळेत शिकवायला जायला गाडी हवी होती. ते म्हणाले, "नवी घेऊन काय करू वैनी? माया डायवरच्या हातची गाडी मले देजा." मी लगेच हो म्हटलं. हो म्हणताना हे ठिपके मला ठाऊक नव्हते.

ठिपक्यांची एवढी धास्ती का, ते सांगायला पाहिजे. समुद्रपूरच्या रस्त्यावर यांचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं, ते म्हणजे हा माणूस ब्रेकला पाय लावत नाही. पुढे काय येणार आहे ते यांना आधीच दिसायचं. रस्त्यात बैल बसलेला असो की थांब्यावर हात दाखवणारी म्हातारी असो, हे लांबूनच पाय काढायचे, गिअर उतरवायचे आणि गाडी आपोआप येऊन टेकायची. भाऊजी चहाच्या प्रत्येक टपरीवर हे सांगायचे. "आमच्या डायवरच्या गाडीत बाईनं दह्याचं मडकं डोक्यावर घेऊन उभं राह्यावं. समुद्रपूर येते, पण दह्याचा मठ्ठा नाई होत." निवृत्त झाल्यावर सत्काराला कोणी शाल दिली, कोणी भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाऊजींनी हे दही सगळ्यांसमोर पुन्हा एकदा सांगितलं आणि स्वतःच रडले.

त्या रस्त्यावर मी पण एकदा नाव कमावलंय, पण ते वेगळं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. त्या वयातल्या मला मी आता "ती" म्हणते, कारण ती मी होते हे कबूल करायचं म्हणजे कठीणच. तर ती ड्रायव्हरची नवी बायको माहेरी जायला यांच्याच गाडीत बसली, थेट पुढे, इंजिनच्या झाकणाला लागून. काय तिचा रुबाब! बस जणू बापानं आंदणात दिली होती. मागच्या बाया उभ्या होत्या त्यांना सांगते, "सरका ना व थोडं, हवा येऊ द्या डायवरले." वाटेत पेरूची टोपली दिसली. ती म्हणाली, थांबवा. हे समोर बघत राहिले. ती पुन्हा म्हणाली. हे म्हणाले, "घंटी कंडक्टर देते. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल. बायकोची घंटी नसते." सगळी गाडी हसली. तिनं माहेरी जाऊन रडून सांगितलं की माझा नवरा माझं ऐकत नाही, कंडक्टरचं ऐकतो. आई म्हणाली, "मंग त्या कंडक्टरले तरी पेरू मागायचे होते." तर असं ते शहाणपण.

आता त्या ठिपक्यांकडे. मला वाटलं कुठल्या तरी झाडाचा चीक असेल. भांडी घासण्यात मी कोणाला हार गेले नाही. आमच्या पितळेच्या हंड्यात तोंड बघून ती नवी बायको कुंकू लावायची, आणि शेजारणींना बोलावून दाखवायची सुद्धा. त्या गर्वातच मी चिंच भिजवली. दारावर चोळली, जरा वेळ ठेवली. खरं सांगते, ठिपके थोडे फिके झाले. तिथंच थांबले असते तर मी शहाणी. पण तांब्या-पितळेला चिंचेनंतर राख लागतेच, हे हाताला पाठ आहे. शेजारी अजून अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. तिथून मूठभर राख आणली आणि नारळाच्या शेंडीनं घासायला घेतलं. जोरात. पाणी मारून पाहते तर ठिपके जागच्या जागी आणि भोवतीची चमक गेलेली. तळहाताएवढा रंग पांढऱ्याचा पांढुरका झाला, मोतीबिंदूच्या डोळ्यासारखा.

मग पुण्याला नातीला फोन लावला. ती इंजिनिअरिंग शिकते, गाड्यांचं तिला वेड आहे, आणि मला रागवायचं त्याहून जास्त.

"आजी, कॅमेरा जवळ ने. दाराजवळ गं! तुझं नाक दिसतंय मला."

नेला.

"हा पांढरा डाग कसला?"

"राखेचा."

"तू गाडी घासलीस की कढई?"

"आधी चिंच लावलती."

ती इतकी हसली की फोन हातातून पडला तिच्या. मग पुन्हा नीट बघून म्हणाली, "हा चीक नाही. ही ब्रेकची धूळ आहे. ब्रेक दाबला की चाकातली लोखंडाची चकती घासते, तिची तापलेली भुकटी उडते आणि रंगात रुतते. पाणी लागून लागून गंजते, मग असे ठिपके दिसतात. पण आजी, एवढे? आजोबा तर ब्रेकच मारायचे नाहीत ना?"

"दुसऱ्याच्या गाडीची उडाली असंल."

"दोन्ही बाजूंनी? बरोबर चाकामागे?"

"तू काढायचं कसं ते सांग. वकिली नको करू."

तिनं सांगितलं. लोखंड विरघळवणारा एक फवारा मिळतो, तो मारायचा, मग एक चिकणमातीसारखा गोळा मिळतो, तो फिरवायचा. मी लिहून घेतलं आणि फोन ठेवला. मग पाटावर बसून राहिले, कारण नातीला जे कळलं नाही ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं.

यांच्या डोळ्यांना काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप येतो आणि कडेनं खात येतो. कळलं तोवर कडा गेल्या होत्या. हे म्हणायचे, "पाइपातून पाह्यल्यासारखं दिसते. समोरचा माणूस दिसते, त्याच्या बाजूची बायको नाई दिसत." मी म्हणायचे, मग तर तुमची मजा आहे. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं. यांनी मान हलवली, घरी आले, आणि किल्ली खिशातच ठेवली.

हे चूक होतं. कोणी यातून भलतं काही शिकू नये. मला तेव्हाही चूक वाटत होतं. पण दोन दिवस स्टिअरिंग हातात नाही म्हटल्यावर ते जेवताना ताट गोल गोल फिरवायला लागले, ते मला बघवेना. शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक रीत काढली. उजाडता उजाडता निघायचं, रस्ता मोकळा असताना. आतल्या गावाकडच्या रस्त्यानं जायचं आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. मी बाजूला बसायचं आणि कडेचं सगळं मी बघायचं. पहिल्या दिवशी मी ओरडले, "अहो, म्हैस! अहो, सायकल!" त्यांनी गाडी कडेला घेतली.

"तोंडानं नको सांगू," म्हणाले. "तू बोलली की मले वाटते, मी आंधळा आहो. घंटी दे."

मग मी बोटातल्या अंगठीनं समोरच्या डॅशबोर्डवर टक करायची. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चाल. जन्मभर ज्यांनी मला घंटी दिली नाही त्यांनी म्हातारपणी दिली. टक वाजली की त्यांचा पाय धपकन ब्रेकवर. कडेनं येणारं दिसतच नव्हतं तर आधीपासून पाय कसा काढणार? दही कधीच मठ्ठा होऊन गेलं होतं. आम्ही दोघंच होतो म्हणून कोणाला कळलं नाही.

कळू द्यायचं नव्हतं, ते मुख्य भाऊजींना. या माणसानं जगभर यांचा ब्रेक गाजवलेला. त्यांना गाडीत बसवलं तर पहिल्या वळणावर कळणार. म्हणून हे त्यांना टाळायला लागले. भाऊजींचा फोन आला की "आज गाडी गॅरेजात आहे". भाऊजी घरी येतो म्हणाले की "आमी नागपूरले चाल्लो". भाऊजींच्या धाकट्या पोराच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, समुद्रपूरला त्यांच्या गावी जायचं होतं. भाऊजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, नवरदेवाचे आईबाप घरून कार्यालयापर्यंत तुमच्या गाडीत बसतील. हे गेलेच नाहीत. ताप आहे म्हणून सांगितलं. मी एकटी बसनं गेले. तिथे भाऊजींनी मला काही विचारलं नाही, पण जेवायला वाढताना माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे त्यांचे फोन कमी झाले, मग थांबले. दोघंही एकमेकांवाचून झुरत होते आणि मी मधे.

मी एकदा म्हटलं, "सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? का तुया डायवरले आता बायको घंटी देते?"

एकदाच आम्ही केळझरला गेलो, आणि ते शेवटचं. यांना वाटलं, पावसानं रस्ता धुतलाय, हवा छान आहे, जरा मोठा रस्ता धरू. आमच्या घरात चतुर्थी-एकादशी कोणी मोजत नाही, कॅलेंडरवर फक्त दूधवाल्याच्या खाड्याच्या खुणा. त्या दिवशी चतुर्थी होती, तीही मंगळवारची, हे आम्हाला केळझर जवळ आल्यावर कळलं. सगळा रस्ता माणसांनी भरलेला. गणपतीला निघालेली माणसं पायी, मोटारसायकलवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. कोणी डावीकडून, कोणी उजवीकडून, आणि यांना कडेचं काही दिसत नाही. मी टक करत होते, थांबत नव्हते. टक. टक. टक. गाडी हातभर जायची, झटका खाऊन थांबायची. लाल टोपीतलं एक लेकरू आईचा हात सोडून चाकासमोर आलं, मी टक केली, आणि यांनी ब्रेक असा दाबला की माझं कपाळ काचेला लागलं. लेकराला काही झालं नाही. ते आमच्याकडे बघून हसलं सुद्धा. पण गाडीत जळका वास भरला, लोखंड जळाल्याचा.

यांनी गाडी कशीबशी एका हॉटेलच्या कडेला घेतली. उतरले, आणि चाकाजवळ खाली बसले. चाकातून धूर निघत होता.

"भाऊजींना फोन लावू? ते बसनं येतील, कोणाकडून तरी गाडी घरी चालवून नेतील."

"नाई."

"मग?"

"बसू."

बसलो. दुपार झाली, गर्दी ओसरली. आम्ही भजी खाल्ली नाहीत, नुसता चहा पीत राहिलो. मग हळूहळू, पायी माणसाच्या चालीनं घरी आलो. घरी आल्यावर यांनी किल्ली माझ्या हातात दिली. खिळ्याला टांगू म्हटलं तर म्हणाले, "नको, तूच ठेव. मले दिसू नको देऊ." त्यानंतर गाडी पोर्चमधून हलली नाही. दारावर उडालेली सगळी भुकटी तशीच राहिली, पोर्चमध्ये पावसाची झड लागत राहिली, गंजली, वर आली.

म्हणून मला ते ठिपके काढायचे होते. सुनेनं गाडी गॅरेजात दाखवली की गॅरेजवाला पहिलंच म्हणेल, कोण चालवत होतं हो ही, ब्रेकवर उभं राहून? आणि ते भाऊजी ऐकतील. माणूस गेला, निदान त्याचं नाव तरी धड जाऊ दे.

गाडीच्या सामानाच्या दुकानातला पोरगा मला वायपर दाखवायला लागला. मी फवाऱ्याचं नाव सांगितल्यावर म्हणाला, "आजी, कोणी पाठवलं तुमाले?"

"ब्रेकनं."

तो हसला नाही. बाटली दिली, गोळा दिला, आणि सांगितलं, गाडी सावलीत ठेवजा, गरम रंगावर मारू नका, वाळू देऊ नका, हातमोजे घालजा. "वास येईन," म्हणाला. वास म्हणजे काय! सडक्या अंड्याचा. तोंडाला पदर बांधून मी फवारा मारला आणि बघत बसले. आधी काही होईना. मग एकेका ठिपक्यातून जांभळं पाणी सुटलं. बारीक बारीक ओघळ, दारावरून खाली. गाडीच्या अंगाला कुठे कुठे लागलं होतं ते आता एकदम दिसायला लागलं. मला वाटलं होतं पाचपन्नास असतील. सगळं दार ओघळलं. यांच्या बाजूला जास्त, माझ्या बाजूला थोडं कमी. प्रत्येक ओघळ म्हणजे माझी एक टक आणि त्यांचा एक पाय. मी पाइप हातात घेऊन उभी राहिले, पाणी सोडवेना. मग वाळू देऊ नका म्हणाला होता ते आठवलं आणि सोडलं.

एकदा मारून गेलं नाही. पुन्हा मारलं. मग साबणाच्या पाण्यावर तो गोळा फिरवला. पुरणाचा उंडा मळावा तसा मळायचा, चपटा करायचा, हलक्या हातानं पुढेमागे न्यायचा. आधी कुरकुर आवाज येतो, मग आवाज बंद होतो, म्हणजे रंग साफ झाला. गोळा तपकिरी झाला की घडी घालून आतली बाजू बाहेर काढायची. तीन सकाळी हेच केलं. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. राखेनं मारलेला डाग काही पूर्ण गेला नाही, त्यावर मेण चोळलं तेव्हा जरा दबला. रविवारी सकाळी बोट फिरवलं तर काचेवरून गेल्यासारखं गेलं. मी स्वतःवरच खूश. हंड्यात तोंड बघणारी ती नवी बायको तेव्हा पुन्हा माझ्यात शिरली असणार, कारण मी दाराच्या रंगात तोंड बघितलं. म्हातारी दिसली.

भाऊजी अकराच्या सुमारास आले, सुनेला घेऊन, ऑटोनं. वाळले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कंडक्टरची सवय.

"जयभीम, वैनी."

"जयभीम. आत या न."

"आधी गाडी पाहू द्या."

ते गाडीभोवती फिरले. मी पदराचं टोक चावत होते. पुढच्या चाकापाशी ते थांबले, वाकले, दारावरून हात फिरवला, वरून खालपर्यंत. मग सुनेला म्हणाले, "पाह्य बाई. असा रंग कोणाच्या गाडीचा राह्यते? ह्या गाडीनं ब्रेक पाह्यलाच नाई. आमचा डायवर..." आणि पुढे तेच दही, तेच मडकं. सुनेनं ते हजारदा ऐकलेलं असणार, तरी ऐकून घेतलं. मी जिंकले होते. जिंकल्यावर काय वाटतं ते मला वाटलं नाही.

सून किल्ली घेऊन बसायला गेली. भाऊजी तिथेच उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, एक सांगा. तो मायावर कायले रागावला होता?"

"रागावले नव्हते, भाऊजी."

"मंग साक्षगंधाले काऊन नाई आला? वरीसभर गाडीत बसवलं नाई मले. माया हातून काय झालं, तेवढं सांगा. मी लय आठवून पाह्यलं. मले काही सापडत नाई."

"तब्येत बरी नव्हती त्यांची."

"तब्येत मायापासून लपवते काय तो?"

नाव सांभाळायचं की याला उत्तर द्यायचं, ते ठरवायला मला एक घटका तरी पाहिजे होती, आणि ती मिळाली नाही. सुनेनं हाक मारली, "बाबा, बसून तर पाहा." ते डाव्या बाजूला बसले. मी खिडकीपाशी उभी. खिडकीवर हात टेकवून आत वाकले. बाहेरून मी गाडी आरशासारखी केली होती. आत फडकं मारलं तेवढंच, नीट बघितलंच नव्हतं. डॅशबोर्डवर, माझ्या जागेसमोर, बारीक बारीक खळगे पडले होते. एकाच ठिकाणी, दाट, चिमणीनं चोच मारून मारून पाडावेत तसे.

भाऊजींनी त्यावरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांनी खिडकीवरच्या माझ्या हाताकडे बघितलं. अंगठीकडे.

"एक का दोन?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचं म्हटलं असतं तर नातवंडांच्या नावावर खपलं असतं. पण ज्या माणसानं जन्मभर घंटी दिली त्यानं विचारलं होतं.

"एकच जास्त," मी म्हटलं.

"डोळे?"

"हाव."

सून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत होती. मग ती उतरली आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली. शहाणी पोरगी. मी तिच्या जागी बसले, यांच्या जागी, आणि सगळं सांगितलं. पाइपातून दिसायचं ते, म्हैस, सायकल, साक्षगंधाचा ताप. केळझर सांगितलं तेव्हा भाऊजींनी मला मधेच थांबवलं.

"कोणता वार होता?"

"मंगळवार. चतुर्थी होती."

"मी घरीच होतो. काही काम नव्हतं मले. दुपारभर ओट्यावर बसून होतो." मग एकदम आवाज चढला. "एक फोन, वैनी! एक फोन नाई करता आला त्याले? मी आलो असतो न. मी बसलो असतो बाजूले."

"त्यांना लाज वाटत होती, भाऊजी. तुम्ही एवढं नाव केलेलं."

"माही लाज? माही?" ते डॅशबोर्डवर हात ठेवून बसले होते. "डायवरले मागचं दिसत नाई, बाजूचं दिसत नाई, म्हणून तं कंडक्टर असते. नाई तं कायले असते कंडक्टर? तिकिटं फाडाले?"



बऱ्याच वेळानं ते उतरले. तोंड धुतलं. चहा केला होता, तो घेतला नाही. सून स्टिअरिंगवर बसली, गाडी चालू केली, एक गचका बसून बंद पडली, पुन्हा चालू केली. भाऊजींनी काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं.

"चौकात जे सांगत होतो तेच सांगीन. त्याची काळजी नको करजा. दही, मडकं, सगळं. मरेपर्यंत सांगीन."

"बरं."

"पण मी त्याच्यावर नाराज आहो. तेवढं तुमाले ठावं असू द्या."

गाडी गेली. फाटकाबाहेरच्या गतिरोधकावर सुनेनं ब्रेक मारला, मागचे दिवे लाल झाले, मग वळणापलीकडे काही दिसलं नाही.

त्याला आता दोन महिने होतील. ऊन असं पडलंय की पोर्चच्या फरशीवर पाय ठेववत नाही. सून अधूनमधून फोन करते, गाडी छान चालते म्हणते. मी विचारते, भाऊजी कसे आहेत. ती म्हणते, "बरे आहेत. या म्हटलं वर्ध्याले, तं म्हणतात गुडघा दुखते." गुडघा कुठला दुखतो, मला माहीत आहे. हे असते तर एव्हाना दोघं कुठल्या तरी टपरीवर भांडून मोकळे झाले असते. भाऊजींनी शिव्या दिल्या असत्या, यांनी मान खाली घालून ऐकल्या असत्या आणि शेवटी चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून पुन्हा भांडले असते. आता त्या शिव्या भाऊजी कोणाला देणार? मला देत नाहीत, वहिनी आहे म्हणून.

समुद्रपूरला मीच जाऊन यावं, असं रोज सकाळी वाटतं. उन्हाच्या आत गेलं तर दुपारपर्यंत परत येता येतं. जाऊन ओट्यावर बसावं, आणि म्हणावं, द्या भाऊजी, काय द्यायच्या त्या शिव्या मला द्या, मी त्यांच्या वतीनं ऐकते. पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे. अजून गेले नाही.